चेंबर फुटला, इंजिन जाम झालं. विमा कंपनी म्हणते फक्त चेंबरचे पैसे देऊ. काय करावं?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय. गाडी वर्कशॉपमध्ये खोलून ठेवलीय आणि त्यांना दोन दिवसांत होय-नाही सांगायचंय.

भाऊ आमची गाडी घेऊन रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होता. साखरपा सोडल्यावर आंबा घाटात रस्त्याच्या कामाजवळ खालून दगड लागला. आवाज मोठा आला, पण गाडी नीट चालत होती. पाऊस, धुकं, मागे ट्रकची रांग. थोडं वर गेल्यावर डॅशबोर्डवर किटलीच्या चिन्हाचा लाल दिवा लागला. वळणावर थांबायला जागाच नव्हती. पुढे रस्ता रुंद झाला तिथे त्याने गाडी बाजूला घेतली, तोवर इंजिनातून खडखड येत होती आणि गाडी आपोआप बंद पडली. त्याने परत चालू केली नाही. क्रेनने कोल्हापूरला आणली, क्रेनवाल्याने सहा हजार घेतले.

गाडी पेट्रोल, १२०० सीसी, चार वर्षं पूर्ण होऊन काही महिने झालेत. पॉलिसी फुल आहे, झिरो डेपसकट. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ५,२०,०००. वर्कशॉपचं एस्टिमेट १,६०,००० च्या आसपास, त्यात हाफ इंजिन (ब्लॉकसकट इंजिनाचा खालचा भाग) बदलायचं धरलंय. सर्व्हेयर येऊन गेले. म्हणाले, चेंबर आणि खालचं कव्हर पास करतो, इंजिन नाही.

पॉलिसी घेताना एजंट म्हणाला होता की झिरो डेप आहे म्हणजे सगळं मिळतं. मग हे काय? दगड लागला म्हणूनच तर इंजिन गेलं ना?

पाना_पक्कड

ताई, मी गॅरेजवाला आहे, सांगली-मिरजेकडचा. आधी गाडीचं सांगतो, विम्याचं जाणकार सांगतील.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या खालची ऑइलची टाकी. गाडीतला सगळ्यात खालचा नाजूक भाग तोच. पत्र्याचा असेल तर चेपतो, अॅल्युमिनियमचा असेल तर तडकतो. आजकाल त्याच्याखाली प्लॅस्टिकचं अंडरकव्हर असतं. तडा गेला की ऑइल आधी त्या कव्हरवर साचतं, रस्त्यावर पडत नाही. म्हणून मागच्या गाडीवाल्यालाही कळत नाही आणि उतरून बघितलं तरी पटकन दिसत नाही.

क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा. तो आणि तो ज्यावर फिरतो ते बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. दाब गेला की लोखंड लोखंडाला घासतं. टेम्परेचरचा काटा वर जाताना माणसाला थोडी सवड मिळते, ऑइलच्या दिव्याला, म्हणजे तुमच्या त्या किटलीला, सवड नसते. दिवा लागला की चावी बंद, गाडी जिथे असेल तिथे. घाटात हे अवघड आहे हे मला ठाऊक आहे, तुमच्या भावाला बोल लावत नाही.

एक विचारतो. वर्कशॉपने इंजिन सर्व्हेयर यायच्या आधी खोललं की नंतर? आणि चेंबरवरच्या घावाचे फोटो आहेत का?

शाहूपुरीकर

दादा, सर्व्हेयर पहिल्यांदा आले तेव्हा इंजिन बंदच होतं. त्यांनी लिहून दिल्यावर खोललं. चेंबरचे फोटो भावाने घाटातच मोबाइलवर काढलेत, खाली वाकून. घाव चकचकीत दिसतो, गंज नाही.

जुना_सर्व्हेयर

मी बरीच वर्षं मोटार सर्व्हेयर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. ताई, तुमच्या भावाने फोटो काढले हे फार चांगलं झालं. घाव ताजा की जुना यावरच निम्मे क्लेम ठरतात.

आता पॉलिसीचं. आपल्याकडे सगळ्या कंपन्यांच्या फुल पॉलिसीचा गाभा जवळजवळ सारखा आहे, कारण तो पूर्वी सगळ्यांना बांधील असलेल्या जुन्या टॅरिफच्या मजकुरातून आला आहे. आग, आपोआप पेट घेणं, वीज पडणं, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, बाहेरून घडलेला अपघात, खोडसाळपणा, दहशतवादी कृत्य, वाहतुकीतलं नुकसान, दरड. या यादीतल्या कारणाने जे मोडेल त्याचे पैसे मिळतात. आणि लगेच खाली लिहिलेलं असतं की परिणामी नुकसान, घसारा (वयानुसार घटलेली किंमत), झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड यांचे पैसे मिळणार नाहीत.

दगड लागला हा बाहेरून झालेला अपघात. त्याने चेंबर फुटला, ते थेट नुकसान. इंजिन ऑइलअभावी जाम झालं, त्याला कंपनी परिणामी नुकसान म्हणते. त्याशिवाय एक अट असते, तुमच्या पॉलिसीत चौथ्या क्रमांकाच्या आसपास सापडेल: अपघात किंवा बिघाडानंतर आवश्यक दुरुस्ती होण्याआधी गाडी चालवली, तर त्यामुळे वाढलेल्या नुकसानीची जोखीम पूर्णपणे विमाधारकाची. सर्व्हेयर या दोन ओळींवर बोट ठेवतो.

झिरो डेपचा आणि याचा संबंध नाही. झिरो डेप म्हणजे जो भाग पास झाला त्यावर घसारा कापायचा नाही, एवढंच. कुठला भाग पास होणार हे ते ठरवत नाही. एजंटने तुम्हाला चुकीचं सांगितलं. असं सांगून हजारो पॉलिसी विकल्या जातात आणि माणसाला क्लेमच्या दिवशी कळतं. मला याचा मनापासून राग येतो.

इंजिनासाठी वेगळं अॅड-ऑन असतं, इंजिन प्रोटेक्ट. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. त्यात पाणी शिरून किंवा अपघातात ऑइल गळून इंजिन, गिअरबॉक्सच्या आतल्या भागांचं होणारं नुकसान येतं. तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांवर प्रीमियमचा तक्ता असेल. त्यात अॅड-ऑनच्या रकान्यात काय काय लिहिलंय ते इथे टाका. नंबर वगैरे झाका.

शाहूपुरीकर

बघितलं. घसारा माफी, रोडसाइड असिस्टन्स आणि चावी हरवली तर. इंजिनाचं काही नाही. कन्झ्युमेबलही (ऑइलसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तूंचं) नाही.

जुना_सर्व्हेयर

मग हिशेब मांडून दाखवतो. आकडे मी अंदाजाने घेतोय, तुमच्या बिलातले वेगळे असतील, पण पद्धत हीच.

धरा की चेंबर ६,५००, प्लॅस्टिकचं अंडरकव्हर २,४००, मजुरी ३,०००, ऑइल आणि फिल्टर ३,२००. एकूण १५,१००, जीएसटी बाजूला ठेवू.

झिरो डेप नसतं तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूच्या भागावर ३५ टक्के घसारा, म्हणजे चेंबरचे ४,२२५. प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, टायर यांना गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के, म्हणजे कव्हरचे १,२००. मजुरी पूर्ण ३,०००. ऑइल हा कन्झ्युमेबल, त्याचं शून्य. शेवटी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. हातात ७,४२५.

झिरो डेपमुळे तुम्हाला ६,५०० अधिक २,४०० अधिक ३,०००, वजा १,०००, म्हणजे १०,९०० मिळतील. फरक साडेतीन हजारांच्या आतबाहेर. झिरो डेपचं काम इतकंच असतं. बंपर, हेडलाइट, दरवाजे गेले तर तो फरक मोठा होतो. इंजिनाच्या क्लेममध्ये तो अपुरा पडतो.

क्रेनचं म्हणाल तर मूळ पॉलिसीत ओढून नेण्याचे कारला १,५०० रुपयांपर्यंत धरतात. पण तुमच्याकडे रोडसाइड असिस्टन्स आहे. त्यांच्या नंबरवर फोन केला होता का? केला असेल आणि त्यांनी गाडी पाठवली नसेल तर बाकीची रक्कम त्यांच्याकडे मागा, कॉल रेकॉर्डच्या वेळेसकट.

हायवे_किंग

इतकं कशाला डोकं लावायचं? सरळ सांगा की दगड लागला आणि गाडी जागेवरच बंद पडली. दिव्याचं बोलूच नका. सगळे असंच करतात, माझ्या मित्राचं पास झालं.

जुना_सर्व्हेयर

हे करू नका, ताई. कळकळीने सांगतो.

चेंबरला घाव बसून जागेवर बंद पडलेल्या इंजिनात बेअरिंग जळत नाहीत. इंजिन खोललं की क्रँकवर निळसर छटा दिसते, बेअरिंगचा मुलामा निघून चुरा चेंबरच्या तळाशी बसलेला असतो. ऑइलशिवाय इंजिन फिरलंय हे बघणाऱ्याला दहा मिनिटांत कळतं. शिवाय आताच्या गाड्यांच्या इसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) दिवा कधी लागला याच्या नोंदी राहू शकतात, स्कॅनर लावला की निघतात. खोटं पकडलं गेलं की चुकीची माहिती दिली म्हणून चेंबरचाही क्लेम जातो, आणि पुढे तुम्ही खरं बोललात तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

तुमची खरी हकिकत तुमच्या बाजूची आहे. तीच नीट लिहा.

पाना_पक्कड

काकांचं बरोबर आहे. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत मी पण हेच बघितलंय. चेंबर काढून उलटा केला की तळाला चंदेरी भुकटी असते, बोटाला चमकते. ती लपवता येत नाही.

ग्राहक_वकील_सातारा

ताई, मी जिल्हा ग्राहक आयोगात विम्याची प्रकरणं चालवतो. माझा आधीच्या मंडळींशी थोडा मतभेद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

परिणामी नुकसान हा शब्द कंपन्या फार सैल वापरतात. प्रश्न असा असतो की नुकसानीचं निकटचं, परिणामकारक कारण कोणतं. दगड, तडा, ऑइल गळती, इंजिन जाम, ही साखळी एकाच प्रवासात, मध्ये कुठेही न तुटता झाली असेल तर मूळ कारण अपघातच, असा युक्तिवाद करता येतो. उलट बाजूने कंपनी म्हणेल की दिवा लागल्यावर तुम्ही गाडी चालवलीत, तिथे साखळी तुटली. आयोगांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. ड्रायव्हरला कळायला मार्ग होता का आणि कळल्यावर तो सुरक्षितपणे थांबू शकत होता का, यावर पारडं फिरतं.

म्हणून तुमच्या प्रकरणात दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्या लागतील. दगड लागल्यापासून दिवा लागेपर्यंतचं अंतर: यात भावाला काहीच माहीत नव्हतं, अंडरकव्हरमुळे गळती दिसतही नव्हती. दिवा लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर: इथे घाट, धुकं, मागची वाहनं, कठडा आणि रस्त्याचं काम यामुळे थांबणं धोक्याचं होतं. अरुंद वळणावर धुक्यात गाडी उभी करणं म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रण. जीव वाचवायला गाडी पुढे नेणं ही योग्य खबरदारी आहे, निष्काळजीपणा नाही. हे ठासून लिहा.

त्या वळणाचे फोटो मिळवा. परत जाऊन काढले तरी चालतील, रस्त्याच्या कामाचे फलक, रुंदी, थांबायची जागा किती पुढे आहे, हे सगळं दिसू द्या. भावाचं सही केलेलं निवेदन जोडा. त्यात अंदाज आणि खात्री वेगळी ठेवा. जे नक्की आठवत नाही तिथे साधारण म्हणा.

आणि तोंडी नकार अजिबात मान्य करू नका. सर्व्हेयर पास-नापास सांगत असला तरी तो शिफारस करतो, निर्णय कंपनीचा असतो. कंपनीकडून लेखी मागा, कुठल्या अटीखाली इंजिन नाकारलं ते त्यात हवं. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे.

वर्कशॉपवाले पटकन एक फॉर्म पुढे करतील, पूर्ण आणि अंतिम तडजोड असं लिहिलेला. चेंबरचे पैसे घ्या, पण सहीच्या वर हाताने लिहा: इंजिनाच्या मागणीचा हक्क राखून.

सिंहगडरोड

ताई, माझा अनुभव पाण्याचा आहे, पण नियम तोच म्हणून सांगते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पहाटे मुठेचं पाणी आमच्या सोसायट्यांत शिरलं. एकता नगरीच्या बाजूच्या सगळ्यांना आठवत असेल. पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या.

माझ्याकडेही इंजिन प्रोटेक्ट नव्हतं. पाणी ओसरल्यावर नवऱ्याने गाडीला हातच लावला नाही, बॅटरीचं टर्मिनल काढलं, चारी बाजूंनी फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचाही फोटो, आणि कंपनीला कळवलं. ढकलत टो ट्रकवर चढवली. वर्कशॉपने प्लग काढून पाणी काढलं, ऑइल बदललं, सीट-वायरिंग-सेन्सर सगळं पुराच्या नुकसानीत धरलं गेलं. इंजिन वाचलं.

शेजारच्यांनी बघू या चालू होते का म्हणून सेल मारला. आत पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. त्यांना कंपनीने रॉड, पिस्टनचे पैसे नाकारले, कारण काय दिलं तर सेल मारल्यामुळे नुकसान झालं. गाडी तीच, पूर तोच, पाणीही तेवढंच.

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा माझे काका कलिन्यात होते. ते आजही म्हणतात की पाण्यातून आलेल्या गाडीची चावी पहिली खिशात घालायची.

डोंबिवली_पूर्व

थोडं विषयाबाहेर, पण अचानक खर्चातलंच. उंदराने बोनेटखालची वायरिंग कुरतडली. मिळतं का?

जुना_सर्व्हेयर

बऱ्याच कंपन्या बाहेरून झालेलं नुकसान म्हणून देतात, काही अडवतात. वायरिंग हार्नेसवर दातांच्या खुणा आणि आसपासच्या लेंड्यांचे फोटो साफसफाईच्या आधी काढा. रक्कम छोटी असेल तर क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा विचार करा. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के सूट मिळते, ती क्लेम केला की शून्यावर येते. तुमचं ओन डॅमेजचं (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं) प्रीमियम सूट धरण्याआधी १२,००० असेल आणि सूट ५० टक्के, तर एका क्लेमने पुढच्या वर्षी ६,००० जातात आणि पुन्हा चढायला वर्षं लागतात. पाच-सहा हजारांच्या वायरिंगसाठी परवडत नाही. ताईंच्या चेंबरलाही हा हिशेब लागू आहे, पण त्यांना इंजिनासाठी भांडायचंय म्हणून क्लेम चालू ठेवलाच पाहिजे.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत राहतो. अपघात न होता गाडी आपली आपण बिघडली, गिअरबॉक्स गेला वगैरे, तर त्यासाठी अमेरिकेत मेकॅनिकल ब्रेकडाउन इन्शुरन्स नावाचं वेगळं कव्हर काही विमा कंपन्या देतात. भारतात आईबाबांच्या गाडीसाठी तसं काही आहे का? गाडी नाशिकला आहे, दोन वर्षांची.

पाना_पक्कड

इकडे त्याचं काम एक्स्टेंडेड वॉरंटी करते. गाडी बनवणारी कंपनी देते, मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते. दोन वर्षांची आहे म्हणजे अजून वेळ असावा, आजच शोरूमला विचारा.

त्यात इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर असले मोठे भाग येतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, रबरं हे झिजणारे भाग येत नाहीत. आणि सर्व्हिसिंग वेळेवर, अधिकृत वर्कशॉपला झालेलं पाहिजे, मध्ये एक चुकली तरी बोट ठेवतात. हे सांगताना माझ्या पोटावर पाय येतो, कारण वॉरंटीतली गाडी माझ्याकडे येत नाही, पण वयस्कर आईबाबांसाठी हेच बरं.

बाहेरून मार लागून काही गेलं तर वॉरंटीवाले विम्याकडे बोट दाखवतात, आतून गेलं तर विमावाले वॉरंटीकडे. म्हणून जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप भरतं त्या कागदावर, तक्रार काय लिहिली जाते ते बघत जा. ताई, तुमच्या जॉब कार्डवर काय लिहिलंय?

शाहूपुरीकर

आत्ता काढून बघितलं. "इंजिन सीझ, ऑइल लेव्हल शून्य." दगडाचा उल्लेखच नाही!

पाना_पक्कड

बघा. हे वाचणाऱ्याला वाटेल ऑइल बदललंच नव्हतं, देखभालीचा दोष. आज जाऊन सर्व्हिस अॅडव्हायझरकडून दुरुस्त करून घ्या: आंबा घाटात दगड लागून चेंबर फुटला, ऑइल गळालं, गाडी टो करून आणली. तारीख-वेळ आणि त्यांची सही. मागच्या सर्व्हिसिंगची बिलं पण लावा, ऑइल कधी बदललं ते त्यात असतं.

ग्राहक_वकील_सातारा

अगदी. जॉब कार्ड हा पुढे सगळ्यात पहिला वाचला जाणारा कागद असतो.

पुढचा मार्ग असा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, ईमेलने. सोबत इर्डाच्या (विमा नियामक संस्थेच्या) बिमा भरोसा पोर्टलवर नोंद करा, हेल्पलाइन १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूर पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढे ग्राहक आयोगात जाऊ शकता.

पण एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. आयोगात तक्रार दाखल असेल तर लोकपाल ती घेत नाहीत. मी माझं नुकसान करून सांगतो, दीड लाखासाठी आधी लोकपालांकडेच जा. आयोगात दोन वर्षांची मुदत असते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार करता येते. ती वाट नंतरही उघडी राहते.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जॉब कार्ड बदलून घेतलं, थोडी हुज्जत घालावी लागली. भाऊ परत जाऊन घाटातले फोटो काढून आला. दिवा लागला ती जागा त्याला साधारण आठवते, तिथून गाडी बाजूला घेता येण्यासारखी पहिली जागा बरीच वर आहे, मध्ये एका बाजूला खोदकाम आणि दुसऱ्या बाजूला दरी. कंपनीचं पत्रही आलं, अपेक्षेप्रमाणे परिणामी नुकसान आणि ती चौथी अट. तक्रार अधिकाऱ्याला पाठवलंय.

आता प्रश्न गाडीचा. हे सगळं सुटायला महिने लागतील. तोवर गाडी तशीच ठेवायची का? वर्कशॉप पार्किंगचे पैसे लावू म्हणतंय. आणि दीड लाख आत्ता हातात नाहीत.

पाना_पक्कड

कोल्हापुरात राहून हाफ इंजिनला दीड लाख घालायची घाई करू नका. शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंग करणारी जुनी, नावाजलेली वर्कशॉप आहेत. आख्ख्या दक्षिण महाराष्ट्रातून क्रँक तिथे येतात. आधी क्रँक मोजून घ्या. नुसते ओरखडे असतील तर क्रँक घासून त्या बारीक झालेल्या मापाला बसणारे अंडरसाइज बेअरिंग बसवता येतात, खर्च निम्म्याहून कमी येऊ शकतो. पण तीन गोष्टी बघायच्या: तुमच्या मॉडेलला अंडरसाइज बेअरिंग मिळतात का, कारण काही नव्या इंजिनांना कंपनी देतच नाही, क्रँक वाकला किंवा तडकला नाही ना, आणि ब्लॉकमधली बेअरिंगची जागा फिरली नाही ना. यातलं एक जरी बिघडलं असेल तर हाफ इंजिनच घ्या, पैसे वाचवायला जाऊन परत इंजिन उतरवावं लागेल.

हाफ इंजिन घेतलं तर एक लक्षात ठेवा. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो, आणि तो आरटीओत आरसीवर आणि नंतर पॉलिसीवर चढवावा लागतो. वर्कशॉपकडून नव्या ब्लॉकचं बिल आणि पत्र घ्या. भंगारातलं सेकंडहँड इंजिन कोणी स्वस्तात देऊ केलं तर कागद नसताना हातही लावू नका, चोरीच्या गाडीचं निघालं तर वेगळंच लचांड.

ग्राहक_वकील_सातारा

दुरुस्ती करायला हरकत नाही, क्लेम चालू असताना गाडी महिनोन्महिने उभी ठेवा असं कोणताच कायदा म्हणत नाही. पण सुरू करण्याआधी कंपनीला ईमेल करा: अमुक तारखेपासून दुरुस्ती सुरू करत आहोत, पुन्हा तपासणी करायची असल्यास त्याआधी करावी. सात दिवसांची मुदत द्या. त्यांनी कोणाला पाठवलं नाही तर नंतर पाहायला मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

बिलं पक्की घ्या, जीएसटीसकट. उद्यमनगरातल्या ग्राइंडिंगचंही.

सिंहगडरोड

आणि ताई, रिन्यूअलला इंजिन प्रोटेक्ट नक्की घ्या. मला माझ्या छोट्या गाडीला हजाराच्या आत मिळालं. गाडी पाच वर्षांच्या पुढे गेली की बऱ्याच कंपन्या का कू करतात, तुमची आत्ता पाचव्या वर्षात आहे, म्हणजे यंदाच विचारा. घेताना ऑइल गळतीही त्यात आहे का ते वाचून घ्या, काही ठिकाणी फक्त पाणी असतं.

शाहूपुरीकर

हो, नक्की घेते. क्रँक उद्यमनगरात मोजायला दिला, ओरखडे आहेत पण सरळ आहे, तडा नाही. बेअरिंग मिळतात का ते ग्राइंडिंगवाले पुण्यातून विचारून सांगणार आहेत. कंपनीला मुदतीचा ईमेल गेलाय. वर्कशॉपवाला म्हणतोय की जुना चेंबर आणि बेअरिंग भंगारात टाकतो, बिलातून थोडे पैसे कमी करतो. देऊ का?

जुना_सर्व्हेयर

मुळीच देऊ नका. चेंबर, बेअरिंग, अंडरकव्हर, सगळं एका गोणीत भरून घरी न्या, प्रत्येकावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून. चेंबर पुसू नका, आतला चुरा तसाच राहू द्या. लोकपालांसमोर सुनावणीला जाताना त्याचे जवळून काढलेले फोटो लावा: बाहेरचा दगडाचा घाव आणि आतली भुकटी, दोन्ही एकाच भागावर दिसली पाहिजेत. कंपनीने पुढे पैसे दिले तर ते जुने भाग सॅल्व्हेज (मोडीचा माल) म्हणून मागू शकतात, तेव्हा पोच घेऊन त्यांना द्या.